पीएफसी आणि कमी लोड : पार्श्वभूमी

कॉम्प्युटर, टीव्ही, सर्व्हर यांच्या पॉवर सप्लायमध्ये पीएफसीचा (पॉवर फॅक्टर करेक्शन, म्हणजे मेन्समधून घेतलेला करंट व्होल्टेजच्या आकाराबरहुकूम ठेवणारा) टप्पा आला तो वीज वाचवण्यासाठी नव्हे. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि त्यापुढचा मोठा कपॅसिटर मेन्समधून सलग करंट घेत नाही. व्होल्टेज शिखराजवळ असतानाच झटक्याने ओढतो. अशी लाखो उपकरणं एका जाळ्यावर आली की हार्मोनिक्स, म्हणजे मेन्सच्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतले करंट, साचतात. तिसरा हार्मोनिक तर तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये एकवटतो आणि न्यूट्रलची तार तापते. म्हणून १९९५ साली आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेचं हार्मोनिक्सवर मर्यादा घालणारं मानक आलं आणि २००१ पासून युरोपात ते सक्तीचं झालं. ७५ वॅटपर्यंतच्या बहुतेक उपकरणांना त्यातून सूट होती.

मानकाला करंटचा आकार बघायचा होता, कार्यक्षमता नाही. त्यामुळे पीएफसीचं काम करणारा, व्होल्टेज चढवून ४०० व्होल्टच्या आसपास डीसी देणारा बूस्ट कन्व्हर्टर पूर्ण लोडसाठी आखला जायचा. लोड उतरला की त्याची दुसरी बाजू दिसते. करंट वाहण्यातलं नुकसान करंटबरोबर घटतं, पण स्विचिंगचं नुकसान बरंचसं जागच्या जागी राहतं. मॉस्फेटची (स्विच म्हणून वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरची) आउटपुट कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड धरली, तर ४०० व्होल्टला तिच्यात १६ मायक्रोज्यूल साठतात आणि दर वेळी स्विच चालू होताना उष्णता होऊन जातात. १०० किलोहर्ट्झला हे १.६ वॅट झाले. ५०० वॅटच्या सप्लायमध्ये ते नगण्य. १० वॅटवर मात्र जवळजवळ सहावा हिस्सा. गेट ड्राइव्ह (स्विच चालू-बंद करायला लागणारी वीज) आणि इंडक्टरच्या गाभ्यातलं नुकसान याखेरीज. इंडक्टरचा करंट शून्यावर येताच स्विच पुन्हा चालू करणाऱ्या क्रिटिकल कंडक्शन पद्धतीत लोड कमी होताच फ्रिक्वेन्सी उलट वाढते, म्हणजे नेमकं नको तेच घडतं.

दडपण बाहेरून आलं. १९९०च्या दशकाअखेर ऊर्जा-संशोधक ॲलन मायर यांनी स्टँडबाय वीज एका वॅटवर आणण्याची मोहीम मांडली. पॉवर सप्लायना कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र देणाऱ्या २००४च्या ८० प्लस कार्यक्रमात २०, ५० आणि १०० टक्के लोडवर मोजणी सुरू झाली. २००७ मध्ये गूगलचे बारोसो आणि होल्झले यांनी दाखवलं की सर्व्हर बहुतांश वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालतात. त्यात एका सर्व्हरला दोन सप्लाय असले की प्रत्येकाच्या वाट्याला याचं निम्मंच. पुढे ८० प्लसच्या टायटॅनियम श्रेणीने १० टक्के लोडवर ९० टक्के कार्यक्षमता मागितली. माझ्या मते आधीच्या कुठल्याही अटीपेक्षा हीच अट सर्वाधिक प्रामाणिक, कारण यंत्र जिथे खरोखर राहतं तिथे ती मोजते.

उत्तरं एकेक करून आली: फ्रिक्वेन्सी खाली आणणं, स्विचवरचं (ड्रेन) व्होल्टेज तळाला असतानाच स्विच चालू करणं, थोडा वेळ चालून थोडा वेळ थांबणारा बर्स्ट मोड, आळीपाळीने चालणाऱ्या समांतर शाखांच्या (इंटरलीव्ह्ड) रचनेत एक शाखा बंद ठेवणं. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये लोड फारच उतरला तर पीएफसी सरळ बंदच करतात. ७५ वॅटच्या सुटीमुळे ते नियमातही बसतं. सिलिकॉन कार्बाइड डायोड आणि गॅलियम नायट्राइडच्या स्विचनी उरलेली गळती आणखी खाली आणली.

यातलं काहीच फुकट मिळत नाही. बर्स्टची फ्रिक्वेन्सी ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरली की इंडक्टर गुणगुणतो, आणि थांबलेल्या क्षणी अचानक लोड आला तर बसचं, म्हणजे त्या ४०० व्होल्टच्या डीसी लाइनचं, व्होल्टेज कोसळतं. शिवाय मेन्सकडच्या फिल्टरमधला, दोन तारांमध्ये जोडलेला एक मायक्रोफॅरडचा एक्स कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला १६.६ व्हीएआर (काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) ओढतच राहतो. म्हणून करंटचा आकार अगदी निर्दोष असला, तरी त्याची भरपाई न केल्यास २० वॅटवर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या एकूण व्होल्ट-ॲम्पिअरपैकी खऱ्या कामाला लागलेला हिस्सा) ०.७७ च्या आसपासच अडकतो.