गो (इंग्रजी क्रियापद)

इंग्रजीतलं रोजच्या वापरातलं गतिवाचक क्रियापद. रूपं गो, वेन्ट, गॉन. 'जाणे' हा अर्थ शाळेपासून माहितीचा, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. घोळ आहे तो रूपांचा, कारण गो आणि वेन्ट ही मुळात दोन वेगळी क्रियापदं.

जुन्या इंग्रजीत (ढोबळमानाने ११५० पर्यंत) हे 'गान' होतं आणि भूतकाळ 'एओदे', म्हणजे तेव्हासुद्धा भूतकाळ परक्याच धातूचा. त्याचं पुढे येड, योड झालं आणि मग ते मागेच पडलं. जागा घेतली वेन्टने, जो खरंतर 'वेन्ड' म्हणजे वळणे, वाट धरणे याचा भूतकाळ, सेन्डचं सेन्ट होतं तसा. दक्षिण इंग्लंडात हा बदल साधारण पंधराव्या शतकापर्यंत स्थिरावला असं धरतात, स्कॉटलंडात मात्र गो पासूनच सरळ 'गेड' केलं. बिचाऱ्या वेन्डला मग वेन्डेड हे नवीन रूप घ्यावं लागलं. सोळाव्या शतकात कवी स्पेन्सरला जुन्या शब्दांची भारी हौस, त्याने येड वापरलं पण भूतकाळ म्हणून नाही, चक्क मूळ क्रियापद म्हणून!

एओदे कुठून आलं यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही. गॉथिक भाषेत (इंग्रजीच्या नात्यातली, आता लुप्त झालेली भाषा) याच कामाला 'इद्या' आहे आणि दोन्हींचा संबंध संस्कृत 'इ' (एति, म्हणजे जाणे) धातूच्या कुळाशी जोडतात, पण ध्वनिनियम लावायला गेलं की दोघांचं आद्यरूप एक धरणं अवघड जातं. भाषाशास्त्रज्ञ वॉरन काउगिलने १९६० मध्ये या दोन रूपांवरच लेख लिहिला. तपशील बाजूला ठेवला तर 'इ' कुळाशी नातं असणं जास्त पटण्यासारखं वाटतं. खुद्द गो बद्दल एक जुनं मत असं की तो उपसर्ग अधिक हाच 'इ' धातू आहे, पण आता बहुतेक जण त्याला 'सोडून जाणे' अर्थाच्या, संस्कृत 'हा' (जहाति) च्या नात्यातल्या धातूकडे नेतात. संस्कृत गम् शी गो चं नातं नाही, आवाज सारखा वाटतो एवढंच. गम् चा इंग्रजी भाऊबंद आहे 'कम', म्हणजे येणे. स्कॉटिश 'गँग' (जाणे) हाही वेगळाच, तो जंघा शब्दाच्या जवळचा.

अशी उसनवारी मराठीतही आहे. जातो हे संस्कृत 'या' (याति) धातूपासून आणि गेला हे गम् च्या 'गत' पासून, प्राकृतातून आलेलं. फ्रेंचमध्ये तर 'जाणे' या एका क्रियापदात तीन धातू नांदतात.

अर्थांकडे वळायचं तर पूर्वी गो म्हणजे पायी चालणे असाही होता, घोड्यावरून जाण्याच्या उलट. 'गोइंग टू' हे भविष्यकाळाचं चिन्ह कधी झालं ते नेमकं सांगता येत नाही. १४८२ चं एक उदाहरण नेहमी दाखवतात पण त्यात प्रत्यक्ष जाण्याचा अर्थही लावता येतो. जोशुआ पूलच्या १६४६ च्या व्याकरणात मात्र त्याची स्पष्ट नोंद आहे, तेव्हा सतराव्या शतकात ते रुळलं होतं म्हणायला हरकत नाही. बोलण्यातलं 'गॉना' त्याचंच झिजलेलं रूप. बाकी दूध नासणं, वेड लागणं, टक्कल पडणं अशा बिघाडाच्या गोष्टींनाही गो चालतं, आणि पोरं गप्पांमध्ये 'तो म्हणाला' च्या जागी 'ही गोज' म्हणतात.