व्हायोलिनला पांढरी दोन का आवडते?

१ जानेवारी १८७९ रोजी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये योझेफ योआखिम या व्हायोलिनवादकानं एकाच मैफलीत दोन कन्चेर्टो (एक वाद्य पुढं आणि साथीला वाद्यवृंद, अशा रचना) वाजवले. आधी बेथोवेनचा, १८०६ सालचा. शेवटी ब्राम्सचा, अगदी कोरा. दोन्ही डी मेजरमध्ये! चायकोव्हस्कीनं १८७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बसून लिहिलेला व्हायोलिन कन्चेर्टोही डी मेजरमध्येच. मोत्सार्टच्या पाचांपैकी दोन याच पट्टीत. मेंडेल्सझोनचा लाडका कन्चेर्टो ई मायनरमध्ये आहे, तेव्हा हा नियम नव्हे. पण निव्वळ योगायोगही नव्हे.

डी मेजर म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोनचा सा धरून बिलावलचे सूर. हार्मोनियमवर पांढरी दोन धरा की काळी एक, सुरांमधली अंतरं तीच राहतात. मग व्हायोलिनलाच असा पक्षपात का सुचावा?

व्हायोलिनला चार तारा: जी, डी, ए, ई. डीला सा म्हटलं की त्या होतात म, सा, प, रे. म्हणजे गाण्याचे तीन मुख्य खांब, सा, म आणि प, मोकळ्या तारांवर आयतेच मिळतात. पण खरी गंमत वाजणाऱ्या तारेत नाही, न वाजणाऱ्या तारांत आहे.

सतारीवर तरफेच्या तारा असतात. त्यांना कुणी छेडत नाही, तरी वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. हा अनुनाद. व्हायोलिनला तरफा नाहीत. तिथं मुख्य ताराच एकमेकींच्या तरफा होतात.

आकडे घेऊ. ए तार ४४० हर्ट्‌झला लावली आणि बाकीच्या तारा शुद्ध षड्ज-पंचम भावानं जुळवल्या, तर डी येते २९३.३३ आणि जी १९५.५६. आता ए तारेवर तिसरं बोट ठेवून वरचा डी वाजवा: साधारण ५८६.७ हर्ट्‌झ. ही संख्या मोकळ्या डीच्या दुप्पट आहे आणि मोकळ्या जीच्या तिप्पट. कंपनं घोडीतून उतरतात, त्या दोन्ही तारांना जाग येते. डी तार दोन भागांत आणि जी तीन भागांत थरथरू लागते. डी तारेच्या बरोबर मध्यावर कागदाचा चिमुकला घोडेस्वार बसवला, तर तो ढिम्म हलत नाही, कारण तिथं निस्पंद बिंदू आहे. पाव अंतरावर बसवला तर उडून पडतो. तारांवरच्या कागदाचा हा खेळ ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिसनं १६७७ मध्येच लिहून ठेवला आहे.

बोटाखाली दाबलेली तार मऊ मांसामुळं लवकर विझते. मोकळी तार मात्र गज उचलल्यावरही गुणगुणत राहते. ऐकणाऱ्याला जी ‘चमक’ जाणवते, तिच्यात या शेपटीचा मोठा वाटा असतो. आता काळी एकचा सा घ्या, म्हणजे डी फ्लॅट मेजर. त्याच्या सात सुरांत जी, डी, ए, ई यांतला एकही नाही! चारही तारा मुकाट बसतात आणि वाद्य कांबळं पांघरल्यासारखं वाजतं.

‘डी मेजर ऐका, आत्मविश्वास वाढवा’ छापाचे व्हिडिओ फिरत असतात, ‘४३२ हर्ट्‌झ’वाल्या भक्तांचेही (ए तेवढ्याला लावला की संगीत जास्त सुखावतं, असं मानणारे). अठराव्या शतकात शुबार्ट नावाच्या जर्मन गृहस्थानं प्रत्येक पट्टीला स्वभाव चिकटवला होता. डी मेजरच्या वाट्याला विजय आणि जयघोष आला. पण हँडेल या रचनाकाराचा म्हणून जपलेला स्वरकाटा ए दाखवतो ४२२.५ हर्ट्‌झ. आज जुनी वाद्यं वाजवणारे बरेच समूह ए ४१५ ला लावतात. त्यांचा डी म्हणजे आपली जवळजवळ काळी एक! तरीही त्यांचं डी मेजर झळाळतं, कारण चारही तारा एकत्रच खाली उतरल्या आहेत. जादू हर्ट्‌झमध्ये असती तर ती तिथंच संपली असती. (विजयाचं म्हणाल तर त्या काळचे पुष्कळ ट्रंपेट डीमध्ये बांधलेले असत. पडदे नाहीत, छिद्रं नाहीत, नळीचे स्वयंभू सूर तेवढे. जयघोष लिहायचा तर ट्रंपेट हवेत, आणि ट्रंपेट हवेत तर पट्टी डी. शुबार्टनं कारणाच्या जागी परिणाम मांडला.)

आपल्याकडे वादक गायकाचा सा विचारतो आणि व्हायोलिनच्या तारा सा-प, सा-प अशा लावून घेतो. तिकडे तारा ठरलेल्या, म्हणून रचनाकारानंच आपला सा व्हायोलिनकडे नेला.

मोत्सार्टनं १७७९ मध्ये व्हायोलिन आणि व्हायोला यांच्यासाठी एक जोड-कन्चेर्टो लिहिला, ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोन. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, मुळात जरा दबक्या आवाजाची. त्यानं तिच्या तारा अर्धा सूर चढवायला सांगितल्या आणि तिचा भाग लिहिला चक्क डी मेजरमध्ये. वादकाची बोटं डीमध्ये चालतात, बाहेर येतो ई फ्लॅट, आणि मोकळ्या तारांचा झंकार फुकटात. पागानिनीनं पहिल्या व्हायोलिन कन्चेर्टोत हीच युक्ती आणखी बेरकीपणानं वापरली. सगळा वाद्यवृंद ई फ्लॅटच्या अडचणीत, आणि हा पठ्ठ्या तारा चढवून डी मेजरची बोटं चालवतोय! आजचे वादक सहसा एवढा खटाटोप करत नाहीत. वाद्यवृंदालाच अर्धा सूर खाली आणतात आणि सगळे मिळून पांढरी दोनमध्ये वाजवतात.