मोटारीच्या ए.सी.मधील प्रशीतक-गळतीचा शोध

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक (बोलीभाषेत 'गॅस') नेमके कोठून बाहेर पडते, हे दुरुस्तीआधी हुडकून काढण्याची प्रक्रिया. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाड्यांत थंडावा कमी होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गॅस थंड करून द्रव करणारी जाळी), ड्रायर (ओलावा शोषणारा डबा), एक्स्पान्शन वॉल्व्ह (दाब उतरवणारी झडप) आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल अशा बंद वाटेने तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. तरीही 'दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो' हा समज पक्का रुजलेला आहे. घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटरसकट एका सीलबंद डब्यात असतो आणि तांब्याच्या नळ्या झाळलेल्या असतात, म्हणून तो वर्षानुवर्षे गॅस न भरता चालतो. मोटारीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो आणि दांड्याभोवती सील बसवावे लागते. इंजिन हादरते म्हणून रबरी होज लागतात. या दोन्हींतून नव्या गाडीतही वर्षाला थोडा गॅस झिरपतो. पण एका हंगामात थंडावा नाहीसा झाला तर कोठेतरी खरी गळती आहे आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे तो हवेत सोडणेच होय.

हे केवळ पैशाचे नुकसान नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोटारींत आर-१२ हे प्रशीतक सर्रास असे. त्यातील क्लोरीन ओझोन थराचा नाश करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने ते हळूहळू बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवते. लहान गाडीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. तेवढा निसटला तर सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते.

शोधाची सुरुवात डोळ्यांनी करावी. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच यंत्रणेत फिरते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटते. कॉम्प्रेसरच्या क्लचभोवती (दांड्याला पट्ट्याशी जोडणाऱ्या चकतीभोवती) तेल, आणि त्याच रेषेत बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे दिसले तर दांड्याचे सील गेले असे समजावे. सर्व्हिस वॉल्व्हवरची (गॅस भरण्याच्या तोंडांवरची) टोपणे जागेवर आहेत का, हेही पाहावे. टोपण हे आतल्या पिनेनंतरचे दुसरे सील असते आणि जुन्या गाड्यांत ते बहुधा हरवलेले असते. पाईपांच्या जोडांतील ओ-रिंगा (रबरी कड्या) इंजिनाच्या उष्णतेने कडक होतात. कंडेन्सर गाडीच्या अगदी पुढे असल्याने दगड, चिखल आणि किनारपट्टीवरची खारी हवा यांचा मारा त्याला सोसावा लागतो; मुंबई-कोकणातल्या जुन्या गाड्यांचे कंडेन्सर तपासताना ही बाब ध्यानात ठेवावी.

पुढची पायरी दाबाची आहे, आणि नेमकी हीच अनेकदा चुकते. ए.सी. बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. आर-१३४ए साठी ३० अंश सेल्सिअसला तो १०० पीएसआयच्या (दाबाचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) जवळपास असतो. यंत्रणेत थोडासा द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत हा आकडा तेवढाच राहतो, म्हणून त्यावरून गॅस पुरेसा आहे असे ठरवता येत नाही. ए.सी. चालू केल्यावर कमी दाबाची बाजू ३०-४० पीएसआयपर्यंत उतरते आणि जास्त दाबाची २०० च्या वर जाते. दाब जास्त असताना गळती सहज सापडते, म्हणून कमी दाबाच्या बाजूचे भाग, म्हणजे कूलिंग कॉइल आणि जाड पाईप, इंजिन बंद ठेवून तपासावेत. जास्त दाबाच्या बाजूचे कंडेन्सर आणि बारीक पाईप मात्र ए.सी. काही वेळ चालवून बंद केल्याबरोबर तपासावेत.

इलेक्ट्रॉनिक गळतीशोधकाचे टोक जोडाच्या खालच्या बाजूने सावकाश फिरवतात, कारण हा गॅस हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड आहे. वारा, पेट्रोलची वाफ आणि घाईने फिरवलेला हात यांमुळे उपकरण फसते. संशयित जागी साबणाचा फेस लावून खात्री करावी. फेसाला मोठीच गळती कळते, पण जागा अचूक सापडते. हळू गळतीसाठी तेलात चमकणारा रंग मिसळून गाडी काही दिवस वापरतात आणि मग अंधारात अतिनील टॉर्चने पाहतात. पावसात कंडेन्सरवरचा रंग धुऊन जातो, हे विसरू नये. आर-१२ च्या काळात ज्योत हिरवी होते का ते पाहणारा हॅलाइड दिवा वापरत. क्लोरीन नसलेल्या आर-१३४ए ला तो निरुपयोगी आहे, शिवाय आर-१२ जळून विषारी फॉस्जीन तयार होऊ शकतो.

कूलिंग कॉइलची गळती सर्वांत छळते. कॉइल दिसत नाही आणि बऱ्याच गाड्यांत ती काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याआधी ब्लोअर थोडा वेळ जोरात चालवून बंद करावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि पाणी निथळून गेलेल्या ड्रेन पाईपच्या तोंडाशी शोधक धरावा. साचलेला गॅस तेथे खाली उतरतो.

यंत्रणा पूर्ण रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयपर्यंत भरून फेसाने तपासतात. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. यंत्रणेतली हवा ओढून काढून निव्वळ व्हॅक्यूम (निर्वात) धरून ठेवण्याची चाचणी अपुरी आहे. तिच्यात दाबाचा फरक जेमतेम बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, तोही उलट्या दिशेने. बाहेरच्या दाबाने कधी कधी गळके सील उलट घट्टच बसते.

डब्यातून मिळणारी गळतीरोधक द्रव्ये टाळावीत. हवेतील ओलाव्याशी संबंध आला की त्यांतली काही घट्ट होतात आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह किंवा गॅस काढून घेण्याचे यंत्र तुंबवतात. दोष सापडून दुरुस्ती झाल्यावर, यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असल्यास ड्रायर बदलावा, नव्या ओ-रिंगा तेल लावून बसवाव्यात, व्हॅक्यूम ओढावा आणि गॅस गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच, काट्यावर मोजून भरावा. जुन्या रंगाचे डाग पुसून घ्यावेत. महिन्याभराने टॉर्च मारल्यावर दिसलेली चमक मग नव्या गळतीचीच असेल.