राबणाऱ्याला शुगर कशी निघते?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातल्या कोणत्याही दवाखान्यात तासभर बसले की एक प्रश्न हमखास कानी पडतो : “आपन त शेतात राबनारे मान्सं, आपल्याले शुगर कशी निघाली?” शेतकरी म्हणजे कष्टकरी आणि कष्ट म्हणजेच व्यायाम, हे गृहीत धरूनच हा प्रश्न विचारला जातो.

पहिली गोष्ट आता सरसकट खरी राहिलेली नाही. केळीला पाणी ठिबकने मिळते, मोटार मोबाइलवरून चालू होते, नांगरट ट्रॅक्टर करतो आणि मोटारसायकल थेट बांधापर्यंत जाते. कापणीच्या दिवशी वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर तोलत ओल्या सरीतून गाडीपर्यंत पोहोचवणारा मजूर आणि बांधावर उभे राहून घड मोजणारा मालक हे दोघेही शेतातच असतात. पण त्यांच्या मांड्यांमध्ये त्या वेळी जे घडते, त्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

ते काय, हे नीट पाहण्यासारखे आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याइतकी साखर असते. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून मात्र ६० ते ७० ग्रॅम पिष्ट पोटात जाते आणि पचून त्याची साखरच होते. ही आवक सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. परंतु साखरेचा कण स्नायूपेशीच्या आवरणातून आपोआप आत शिरू शकत नाही. त्याला वाहून नेणारे प्रथिन लागते. ‘ग्लूट-४’ असे त्याचे नाव. बाजार समितीच्या आवारात माल नसताना हमाल मागे सावलीला बसलेले असतात, तशी ही प्रथिने एरवी पेशीच्या आत, सूक्ष्म पिशव्यांमध्ये असतात. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन येते आणि मुकादमाप्रमाणे पुकारा करते; मग पिशव्या आवरणापाशी येतात, त्यात मिसळतात आणि हमाल फाटकावर उभे राहतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मुकादम ओरडत असतो, पण हाक आत नीट पोहोचत नाही.

येथेच शरीराने एक विलक्षण सोय करून ठेवली आहे. स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा त्याच्या तंतूंत कॅल्शियम सुटते आणि ऊर्जेचा साठा, म्हणजे एटीपी, खर्च होऊ लागतो. ही तूट ‘एएमपीके’ नावाचे विकर (एन्झाइम) टिपते. ग्लूट-४च्या पिशव्यांना आत अडवून धरणारी दोन भावंड-प्रथिने आहेत : टीबीसी-१-डी-४ आणि टीबीसी-१-डी-१. इन्सुलिनचा निरोप एकेटी या विकरामार्फत प्रामुख्याने पहिल्याकडे जातो, तर आकुंचनाचा निरोप एएमपीकेमार्फत प्रामुख्याने दुसऱ्याकडे. अडवणूक सुटली की पिशव्या आवरणाकडे निघतात. तात्पर्य, मुकादमाची हाक पोहोचली नाही तरी कामाचा आवाज ऐकून हमाल स्वतःहून उठतात. मधुमेही माणसाच्या स्नायूंतही ही दुसरी वाट बहुतांशी शाबूत असते, ही मला वैद्यकशास्त्रातील अतिशय दिलासा देणारी गोष्ट वाटते. शिवाय श्रम थांबल्यावर रिकामी झालेली कोठारे भरून निघेपर्यंत, साधारण एक-दोन दिवस, तोच स्नायू इन्सुलिनचेही अधिक ऐकतो. म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खाडा पडू नये.

हा परिणाम मात्र ज्या स्नायूने काम केले, त्याच स्नायूपुरता असतो. घरोट, म्हणजे जाते, ओढणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड साखर खेचतात, बसल्या मांड्या नव्हे. कमरेला फडके बांधून कपाशीच्या ओळीतून वेचणी करणाऱ्या मजूर बाईची बोटे दिवसभर बोंडांवर चालतात आणि कंबर वाकून आखडते; पण हृदयाची गती वाढेल असे श्रम त्यात थोडेच असतात. कष्ट पुष्कळ आणि व्यायाम अपुरा, असे होते ते यामुळे.

कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, २०२१ साली, फावल्या वेळच्या हालचालीमुळे हृदयविकाराचा धोका कमी, तर नोकरीतील जड श्रमांमुळे तो वाढलेला दिसला. डेन्मार्कचे निष्कर्ष आपल्या शिवाराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण विश्रांतीवाचून आठ-दहा तास ओझे वाहिल्याने रक्तदाब दिवसभर चढा राहतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण सर्वत्र सारखेच आहे. घड वाहणाऱ्या मजुराला आणखी व्यायाम सांगण्यापेक्षा मध्ये विसावा, पाणी आणि हलके ओझे मिळणे अधिक गरजेचे आहे.

घामाबद्दलही बोलले पाहिजे. मे महिन्यात भुसावळला निंबाखाली नुसते बसले तरी सदरा भिजतो. त्याने चरबी वितळत नाही, शरीर थंड राहते. घाम काढणारे पट्टे आणि आठवडे बाजारात विकली जाणारी ‘शुगर मुळापासून घालवणारी’ चूर्णे यांच्यावर कष्टाचा पैसा उधळला जाताना पाहून वाईट वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवला आहे. बांधावरच्या मालकाने रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे गावाबाहेरच्या रस्त्याने झपझप चालावे आणि सकाळी हाताचा आधार न घेता खाटेवरून दहा-पंधरा वेळा उठबस करावी. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू त्याने कामाला लागतात. इन्सुलिन किंवा ते वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि चालायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी, कारण इन्सुलिनची आणि श्रमाची अशा दोन्ही हाका एकाच वेळी गेल्या तर रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली उतरू शकते.