पुढे ढोल, मागे खराटे : विदर्भातल्या शाळांच्या बँडची आणि श्रमदानाची पूर्वपीठिका

आमच्या शाळेत बँडचं सामान आणि फावडी-घमेली एकाच खोलीत असत. साइड ड्रम खुंटीला, मोठा ढोल बारदान्यावर, बिगुल कपाटात. खाली टिकास, सब्बल आणि खराट्यांचा भारा. किल्ली शिपाईभाऊंकडे. शाळेला खोल्या कमी होत्या, एवढंच त्याचं कारण. पण अमरावती-वर्धा पट्ट्यात ढोल आणि खराटा हे एकमेकांचे फार जुने शेजारी आहेत. २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीची फेरी निघाली की पुढे बँड आणि मागे खराटे घेतलेली पोरं, हे दृश्य इकडे कुणाला नवं वाटत नाही. मुंबई-पुण्याच्या शाळांत बँड वेगळा आणि समाजसेवेचा तास वेगळा. इकडे दोन्ही एकाच रांगेत कसे आले, ते पाहायचं तर शाळेच्या आधी कीर्तनाकडे जावं लागतं.

डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. गावात पाऊल टाकलं की आधी खराटा घ्यायचा, दिवसभर रस्ते आणि नाल्या झाडायच्या आणि रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तनाला उभं राहायचं, हा त्यांचा क्रम. तो त्यांनी सहसा उलटा केला नाही. कीर्तनही एकतर्फी नव्हतं. वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, उत्तर समोरच्या लोकांकडूनच काढून घ्यायचं. बाबांना स्वतःला शाळा लाभली नाही, पण भांडं विका आणि पोराला शिकवा, असं ते सांगत फिरले. १९५६ साली वलगावजवळ त्यांचं निधन झालं, तोवर गावोगावच्या लोकांनी झाडणं आणि गाणं एकाच माणसात पाहिलेलं होतं.

तुकडोजी महाराजांनी त्याच गोष्टीला वेळापत्रक दिलं. जन्म १९०९, यावलीचा. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम. हातात खंजिरी, आणि भजनांतून गावकारभारापासून गोठ्यातल्या शेणापर्यंत सगळे विषय. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, चले जाव आंदोलनात, चिमूर आणि आष्टी पेटलं, त्यामागे या खंजिरीचा वाटा आहे असं सरकारलाही वाटलं असावं, कारण त्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरचे तुरुंग पाहावे लागले. १९५५ ची त्यांची ग्रामगीता ४१ अध्यायांची. त्यात ग्रामशुद्धीला आणि ग्रामआरोग्याला स्वतंत्र जागा आहे. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावात पहाटे उठून ग्रामसफाई, सडा-रांगोळी, मग रामधून, म्हणजे भजन गात गावफेरी, आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असा दिवस ठरलेला. आपल्याकडच्या शाळांची प्रभातफेरी नीट पाहिली तर तिच्यात काँग्रेसच्या फेरीइतकीच ही रामधूनही आहे. घोषणा तिकडच्या, चाल इकडची.

वर्ध्याची गोष्ट निराळी. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथल्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या पद्धतीची, आखणी झाली. झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यात शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या हस्तव्यवसायाला, होती. सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली मुलं कातत, स्वयंपाक करत, सफाईही करत. ही योजना पुढे टिकली नाही. पालकांना वाटलं, सूतच कातायचं तर शाळेत कशाला? ते अगदीच चूक नव्हतं, शेतात काम काही कमी नव्हतं. मागे उरला तो टकळीचा, म्हणजे हातचातीवर सूत कातायचा, तास. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने कार्यानुभवाचा, म्हणजे शाळेत हाताने काम करण्याचा, आग्रह धरला आणि टकळीची जागा पाकिटं, खडू आणि फिनेलने घेतली. आमच्या वेळी कार्यानुभव म्हणजे बहुतेकदा मैदानातलं गाजरगवत उपटणं. हात खाजवत घरी जायचं.

आता ढोल. शाळेचा बँड मुळात छावणीतला. नागपूरजवळच्या कामठीला इंग्रजांची छावणी १८२१ पासून होती. ड्रम, बिगुल, कवायतीची पावलं पलटणीतून पोलिसांत आणि तिथून स्काऊट पथकांत आली. १९४८ ला एनसीसी आणि १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स उभं राहिल्यावर शाळांना गणवेश आणि संचलन यांचा रीतसर रस्ता मिळाला. लेझीम मात्र आखाड्यातून आली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ ची. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला याच मंडळाचं पथक गेलं होतं. मंडळात शिकलेले पीटी सर खेडोपाडी गेले, आणि सरांना जे येत होतं तेच शाळेला आलं. पण त्यासाठी आधी गावात हायस्कूल हवं. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. अशा संस्थांनी तालुक्याच्या पलीकडे शाळा नेल्या, तेव्हा बँड खेड्यात पोचला.

पोचला, पण पावसाने त्याची परीक्षा पाहिली. पूर्वी ढोलाला कातडं असायचं. १५ ऑगस्ट ऐन ओल्या दिवसांत, कातडं सैल पडून ढोल भद्‌भद् करायचा. मग पहाटे साडेपाचला शाळेच्या मागे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायच्या आणि ढोल आडवा धरून शेकायचा. जास्त जवळ नेला तर चामडं तडकतं, दूर ठेवला तर तापत नाही. "अबे, फिरवत राह्य, भाकरीसारखा!" असं शिपाईभाऊ ओरडायचे. झेंड्याच्या वेळेला आवाज खणखणीत, आणि सगळ्या बँडला धुराचा वास. प्लास्टिकचं पान आल्यापासून ही कटकट गेली. आवाज मात्र डब्यासारखा झाला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पुढे ती अकरावी-बारावीलाही आली. वर्षाला १२० तास काम, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. विदर्भात या शिबिराला तयार साचा मिळाला: सकाळी सफाई, संध्याकाळी प्रार्थना, रात्री भजन किंवा पथनाट्य. योजना दिल्लीची, पण शिबिराचा दिवस बराचसा मोझरीचा.

पाण्याच्या कामात या सवयीची पुन्हा चुणूक दिसली. २०१६ ला पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे श्रमदानाने पाणी अडवायची गावागावांतली चढाओढ, पहिल्यांदा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत संत्र्यासाठी बोअरवर बोअर खोदून बसलेला वरुड होता. दुसऱ्या वर्षी आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने पहिला नंबर काढला. एप्रिल-मे म्हणजे शाळेला सुट्टी, ऊन पंचेचाळिशीकडे. म्हणून चर खोदायला पहाट किंवा रात्र. पोरापोरींना पहाटे उठून टोळीनं कामाला जायचं कसं, हे कुणी शिकवावं लागलं नाही.

गुणांचा हिशेब आला तो नंतरचा. दहावीला खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण मिळू लागले आणि प्रमाणपत्राला भाव आला. त्यात वाईट काही नाही, खेड्यातल्या पोराला तेवढाच हात. फक्त आता खराटा हातात घेतल्या घेतल्या आधी फोटो होतो. झाडणं मग, राहिलं तर.

आणि बँड शिकलेली पोरं? आमच्या गावातली तिघं-चौघं संदलच्या, म्हणजे ढोल-ताशे वाजवणाऱ्या, पार्टीत गेली. लग्नसराईत परतवाड्यापासून मोर्शीपर्यंत वाजवतात, मजुरीपेक्षा बरे पैसे सुटतात. पीटी सर निवृत्त झाल्यावर ती जागा भरली नाही, त्यामुळे २६ जानेवारी जवळ आली की मुख्याध्यापक यांच्यापैकीच एकाला बोलावून सराव घेतात. चहा-पोहे देतात. त्याची लग्नाची सुपारी असली की त्या दिवशी सराव बुडतो, आणि पोरं ढोल तिथेच ठेवून खो-खो खेळायला पळतात.