मुंबईतील विज्ञान-संशोधन

मुंबई शहर आणि परिसरातील वेधशाळा, प्रयोगशाळा, रुग्णालये व तंत्रशिक्षण संस्था यांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आलेले संशोधन व त्यातून हाती आलेले प्रमुख निष्कर्ष हा या नोंदीचा विषय आहे. भूचुंबकत्व, साथरोग, रक्तगट, कर्करोग, अणुविज्ञान, मूलकण भौतिकी, हवामान आणि जलनिःसारण अभियांत्रिकी अशी ही क्षेत्रे वरवर पाहता एकमेकांपासून दूरची आहेत. तरीही त्यांतील बऱ्याच कामांना एक समान धागा आहे. संशोधनाचे विषय शहरानेच पुढे केले, नमुनेही त्यानेच पुरवले आणि क्वचित संशोधकांना गाशा गुंडाळायलाही त्यानेच लावले. विजेच्या ट्रामने तसे केल्याचे उदाहरण पुढे येईलच.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी आणि खगोलीय वेध घेता यावेत, हा मूळ हेतू होता. वेधशाळेचे नाव मात्र झाले ते १८४१ पासून सुरू झालेल्या भूचुंबकीय नोंदींमुळे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा व तीव्रता सतत किंचित बदलत असते. टांगलेल्या चुंबकाचे विचलन मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचायचे आणि आकडा वहीत उतरवायचा, असे हे काम होते. छायाचित्रणाने आपोआप नोंद घेणारी उपकरणे नंतर आली. अशा वहीतील काही पानांना पुढे जागतिक महत्त्व आले. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले (खगोलशास्त्रात ते कॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखले जाते), त्यात कुलाब्याच्या नोंदीनुसार क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरला होता. ध्रुवप्रदेशाजवळच्या वेधशाळांच्या नोंदींवर ध्रुवीय प्रकाशाशी निगडित विद्युतप्रवाहांचा फार परिणाम होतो. मुंबई विषुववृत्ताच्या बरीच जवळ असल्याने येथील आकड्यांना वेगळे मोल आहे आणि २००३ मध्ये त्या वादळाची तीव्रता नव्याने काढताना हीच नोंद आधाराला घेण्यात आली. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडवणाऱ्या वादळात पृथ्वीभोवतीच्या अशा घसरणीचा निर्देशांक सुमारे ५९० नॅनोटेस्ला इतका होता. हा निर्देशांक अनेक वेधशाळांच्या तासाभराच्या सरासरीवरून काढतात आणि कुलाब्याचा आकडा एका ठिकाणच्या क्षणिक घसरणीचा आहे, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नाही. कुलाब्यातील ती तीव्र घसरण नेमकी कोणत्या प्रवाहामुळे झाली, यावर अभ्यासकांत मतभेदही आहेत.

नानाभाई फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होत. शहरात घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा रुळांतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय मोजमापे बिघडणार हे उघड होते. म्हणून चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आला. तेथील इमारतीत लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळला गेला. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाल्यावर लगेच कुलाब्याचे काम न थांबवता १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून दोन ठिकाणांतील फरक कळावा आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. ती १९६४ मध्ये बंदही झाली; अलिबागच्या नोंदी आजतागायत चालू आहेत. १८४१ पासूनची ही सलग मालिका हा मुंबईच्या वैज्ञानिक ठेव्यातील बहुधा सर्वांत कमी ठाऊक असलेला आणि सर्वांत मोलाचा ऐवज म्हणावा लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रुग्ण ओळखले. सरकारच्या बोलावण्यावरून जिवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी मृत जिवाणूंपासून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली व त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. लसीइतकाच महत्त्वाचा दुसरा शोध म्हणजे रोग पसरण्याचा मार्ग. उंदरावरची पिसू प्लेग वाहून नेते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले होते, पण त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोग यांनी मुंबईत चाळींमधून व परळच्या प्रयोगशाळेत हे काम तडीस नेले. पिसवा आत शिरू शकतील अशा पिंजऱ्यांत ठेवलेले गिनीपिग प्लेगने मरत, आणि त्याच जागी बारीक जाळीने पिसवांना अडवलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिग वाचत, ही त्या प्रयोगांची साधी मांडणी होती. चाळींतील रहिवाशांना मात्र आधी मेलेले उंदीर दिसतात व मग माणसे पडतात हे अनुभवाने माहीत होते आणि उंदीर पडू लागले की ते घर सोडत.

शहराचे नाव धारण करणारा शोध १९५२ मधील आहे. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी एका नव्या रक्तगट-लक्षणाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. रक्तपेशींवरील ए आणि बी ही प्रतिजने (रक्तगट ठरवणारी पृष्ठभागावरील रेणूरूप खूण) एच नावाच्या पायाभूत प्रतिजनावर घडतात. ओ गटाच्या व्यक्तीत ए व बी नसतात, पण एच असते. बॉम्बे गटात हे एचदेखील नसते आणि रक्तद्रवात एचविरोधी प्रतिद्रव्य असते. नेहमीच्या तपासणीत अशा व्यक्तीच्या पेशी ए-विरोधी किंवा बी-विरोधी द्रावात गुठळ्या करत नाहीत, म्हणून अहवालात ओ गट लिहिला जाण्याचा धोका असतो. त्याच व्यक्तीचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींत मिसळला की मात्र गुठळ्या दिसतात आणि चूक उघडकीस येते. या उलट तपासणीचा कंटाळा केला, तर ‘सर्वांना चालणारे’ म्हणून समजले जाणारे ओ गटाचे रक्तच प्राणघातक ठरू शकते. या गटाच्या व्यक्तीला फक्त याच गटाचे रक्त चालते. मुंबई परिसरात त्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असे मानले जाते. जवळच्या नात्यात विवाह होणाऱ्या समूहांत ते वाढते, कारण हे लक्षण आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच प्रकट होते. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले. रक्तपेढीच्या भाषेत मात्र ते अजून ‘बॉम्बे’च आहे.

कर्करोगाच्या संशोधनात मुंबईचे स्थान वेगळे आहे आणि त्याचे एक कारण दुःखद आहे: तंबाखूच्या सेवनामुळे येथे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. डॉ. वसंत खानोलकर यांनी तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा येथे लवकर अभ्यास केला. अलीकडच्या निष्कर्षांपैकी २०१५ चा एक विशेष उल्लेखनीय आहे. तोंडाच्या आरंभीच्या अवस्थेतील कर्करोगात मानेतील लसिका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की रोग तेथे दिसल्यावर काढाव्यात, हा शल्यविशारदांमधील जुना वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत ५०० रुग्णांच्या निष्कर्षांवरून असे दिसले की, ग्रंथी आधीच काढल्यास तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के होते आणि वाट पाहिल्यास ६७.५ टक्के. वाद बराचसा येथे मिटला.

दुसरा निष्कर्ष रुग्णालयाबाहेरचा आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी चालवली गेली. त्यांच्या वस्त्यांचे वीस समूह करून दहा समूहांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. तपासणी म्हणजे गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड, व्यवहारात ज्याला व्हिनेगर म्हणतात ते, लावायचे आणि थोडा वेळ थांबून बघायचे. विकृत पेशींचा भाग पांढरट दिसतो. हे काम काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी केले. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये जाहीर केले. उरलेल्या दहा समूहांतील, म्हणजे तुलनेसाठीच्या नियंत्रण गटातील, स्त्रियांना मात्र आरोग्यशिक्षणावरच समाधान मानावे लागले, त्यांची तपासणी झाली नाही, यावर नैतिक आक्षेप घेण्यात आले आणि ते हलके नव्हते. याच समूहांत हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. एकूण मृत्यूंतील १५ टक्के घट सांख्यिकीदृष्ट्या निर्णायक ठरली नाही, पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मात्र ती जवळपास ३० टक्के होती.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा २०२३ चा निष्कर्ष त्याच्या साधेपणामुळे लक्षात राहतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ कापण्यापूर्वी काही मिनिटे तिच्या भोवती लिडोकेन, म्हणजे दंतवैद्यही वापरतात ते भूल देणारे औषध, टोचल्यास पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. सुमारे १,६०० स्त्रियांवर देशातील अनेक केंद्रांत ही चाचणी झाली. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रुग्णाच्याच टी-पेशींत (रोगप्रतिकार करणाऱ्या रक्तातील पेशींत) जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाशी झुंजवणारी उपचारपद्धती आहे. पवईची आयआयटी व टाटा स्मारक यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तिचा खर्च परदेशी उपचाराच्या साधारण एकदशांश आहे, तरीही तो सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचाच आहे.

अणुविज्ञान व मूलकण भौतिकी यांबद्दल इतरत्र विपुल लिहिले गेले असल्याने येथे थोडक्यात. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. पाण्यातून दिसणाऱ्या निळ्या प्रकाशावरून पंडित नेहरूंनी तिला हे नाव दिले. तेथेच किरणोत्साराने उत्परिवर्तन घडवून तयार केलेली टीएजी-२४ ही भुईमुगाची जात १९९१ मध्ये प्रसारित झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळूरात स्थापन होऊन त्याच वर्षी मुंबईत आली. तिच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची (वातावरणात निर्माण होणाऱ्या, पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या मूलकणांची) चिन्हे टिपली. त्याच वर्षी गोविंद स्वरूप यांनी कल्याणला बत्तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. बिस्मथ हा धातू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, सुमारे ०.०००५ केल्विन तापमानाला, अतिसंवाहक होतो, म्हणजे कोणत्याही रोधाशिवाय वीज वाहून नेतो, हे या संस्थेने २०१६ मध्ये कुलाब्याच्या प्रयोगशाळेत दाखवले. प्रचलित सिद्धान्तानुसार बिस्मथमध्ये इतके कमी मुक्त इलेक्ट्रॉन असताना तसे होणे अपेक्षित नव्हते.

पावसाकडे वळल्यावर पुन्हा कुलाब्याचे नाव येते, कारण पावसाळ्यात रोज सकाळी ऐकू येणारे दोन आकडे कुलाबा आणि सांताक्रूझ यांचेच असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला केवळ ७३. एकाच शहरातील, पंचवीस किलोमीटरच्या आतील दोन ठिकाणी एवढा फरक पडू शकतो हे त्या दिवशी आकड्यांत सिद्ध झाले आणि दोन पर्जन्यमापकांवर शहराची भिस्त ठेवता येत नाही हेही. त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. जलनिःसारणाची अडचण त्याहून जुनी होती. पर्जन्यजल वाहिन्या ब्रिटिश काळात ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून व तोही ओहोटीच्या वेळी अशा हिशोबाने बांधलेल्या होत्या. ही मर्यादा ५० मिलिमीटरवर नेण्याची शिफारस १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात होती. मोठ्या भरतीत समुद्राची पातळी वाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर जाते, मग पाणी बाहेर पडण्याऐवजी आत येते. म्हणून झडपा बंद करून पाणी उपसावे लागते, आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया व गझदरबंध येथील उदंचन केंद्रे त्यासाठी आहेत. पाऊस, भरती, जमिनीचे चढउतार आणि वाहिन्यांची क्षमता यांची गणिते एकत्र करून कोणत्या भागात किती पाणी साचेल याचा अंदाज देणारी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही प्रणाली जून २०२० मध्ये कार्यान्वित झाली. हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या सखल भागात एवढ्याने भागत नाही. तेथे पावसाचे पाणी भरती उतरेपर्यंत साठवून ठेवण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधाव्या लागल्या आहेत.