धोकादायक इमारतीतील भाडेकरूंचे हक्क

घर राहण्याजोगे उरले नाही तर भाडेकरूला दुरुस्ती मागण्याचा, ती होईपर्यंत घरातून हुसकावले न जाण्याचा आणि इमारत पाडावीच लागली तर नव्या जागेत परतण्याचा हक्क कितपत असतो, याविषयीच्या कायदेशीर तरतुदी. महाराष्ट्रात त्या एका ठिकाणी सापडत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, महापालिकांचे कायदे आणि मुंबई शहराच्या बाबतीत म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा कायदा यांत त्या विखुरल्या आहेत. मुंबईतील पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम आणि मग नाममात्र भाडे अशा) चाळी आणि पुण्यातील जुने वाडे या दोन ठिकाणी त्यांचा खरा कस लागतो.

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार, उलट करार झालेला नसेल तर, जागा राहण्याजोग्या सुस्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. छत गळते आहे, गॅलरीचा सज्जा सुटला आहे, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, अशा वेळी एका किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. मालकाने तरी काही केले नाही, तर भाडेकरूंनी स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करायचा. सामाईक खर्चावर १५ टक्के सरळ व्याजही धरता येते. वाचायला तरतूद भक्कम वाटते; पण तिला एक मर्यादा जोडलेली आहे. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. पागडीच्या खोलीचे भाडे महिना २५० रुपये धरले, तर वर्षाचे ३,००० आणि वळते करता येतील ते ७५० रुपये. एवढ्यात सिमेंटच्या दोन गोण्या येतात. गवंड्याचा रोज वेगळा. मालकाची बाजूही याच आकड्यात दडलेली आहे: चाळीस खोल्यांचे भाडे गोळा केले तरी महिन्याला दहा हजार होतात आणि त्यातून लाकडी तुळया बदलून होत नाहीत. म्हणून इमारत वर्षानुवर्षे टेकूंवर उभी राहते आणि भांडण इमारतीचे न राहता खालच्या जमिनीचे होते.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, शौचालयाची सफाई अशा आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय बंद करण्यास कलम २९ ने मालकाला मनाई केली आहे. भाडेकरूला थांबवलेली सेवा न्यायालयातून पुन्हा सुरू करून घेता येते. मुंबईत आणि पुण्यात असे दावे लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) चालतात. दुरुस्तीसाठी खोली रिकामी करून हवी असेल, तरी मालकाला न्यायालयातूनच ताबा मागावा लागतो आणि काम झाल्यावर भाडेकरूला पुन्हा प्रवेश द्यावा लागतो.

इमारत धोकादायक झाली की महापालिका मध्ये येते. मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली नोटीस निघते. संरचनात्मक तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी ठरते: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या अक्षर-आकड्यांवरून जुंपते, कारण मालकाच्या अभियंत्याला जी इमारत सी-१ दिसते तीच भाडेकरूंच्या अभियंत्याला सी-२बी दिसते. अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. इतर शहरांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ लागू होते. पुण्याच्या पेठांतील वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर मिळणाऱ्या नोटिसा त्याखालच्याच.

नोटीस हातात पडली की भाडेकरूला पहिली भीती वाटते ती हक्क बुडण्याची. 'एकदा बाहेर पडलो की संपलं' हे चाळीतले वाक्य अनुभवातून आलेले आहे, पण कायदा तसे म्हणत नाही. शहा रतनसी खिमजी खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले, की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही. भाडेपट्टा जमिनीवरही असतो आणि जमीन जागेवरच असते. आग, पूर, वादळ किंवा दंगलीने जागा कायमची निरुपयोगी झाली, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार भाडेपट्टा रद्द मानायचा की नाही हे भाडेकरूने ठरवायचे असते. मात्र नुकसान त्याच्याच चुकीने झालेले नसावे. तो पर्याय वापरला नाही तर भाडेपट्टा चालू राहतो आणि भाड्याची जबाबदारीही. म्हणून मालक पावती देईनासा झाला की जुनी माणसे भाडे मनीऑर्डरने पाठवत आणि परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवत.

मुंबई शहरात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींचा कारभार वेगळा आहे. भाडेकरू आणि मालक उपकर भरतात, त्या बदल्यात दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दुरुस्ती करते. हे मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले. इमारत रिकामी करावी लागली तर रहिवाशांची सोय संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, होते. काही कुटुंबांच्या दोन पिढ्या तिथेच गेल्या आहेत. पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(७) खाली होतो आणि निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचे) मालकीचे घर मिळते. ज्यांची इमारत रस्तारुंदीकरणात किंवा अरुंद भूखंडामुळे पुन्हा उभी राहूच शकत नाही, ते बृहतसूचीत, म्हणजे दुसरीकडे कायमचे घर मिळण्यासाठीच्या म्हाडाच्या यादीत, जातात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. तिथली काही कुटुंबे आधीच हलली होती, काही मागे राहिली होती.

अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्याला यातले फारसे काही लागू होत नाही. तो कायद्याच्या लेखी भाडेकरू नव्हे, तर परवानाधारक असतो. करारात दुरुस्तीचे आणि अनामत परतीचे कलम असेल तेवढाच त्याचा आधार. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात, नैसर्गिक आपत्तीने घर राहण्याजोगे नसेल त्या काळात भाडे घेऊ नये अशी तरतूद आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

मुंबईत सी-१ इमारत पाडण्यापूर्वी महापालिकेने प्रत्येक भाडेकरूची नोंद करून त्याच्या ताब्यातील चटई क्षेत्र मोजून ठेवायचे असते. पुढच्या घराचा हक्क या यादीवर उभा राहतो. मोजणीच्या दिवशी पोटमाळा धरला का, गॅलरी धरली का, यावर भाडेकरूने लक्ष ठेवायला हवे. भाडेपावती, वीजबिल, शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव हे पुरावे लागतात. पावती बहुधा आजोबांच्या नावावर असते. त्यांच्या मृत्यूसमयी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, मात्र तो कोणाकडे गेला यावर घरातच एकमत नसेल, तर ते लघुवाद न्यायालय ठरवते.